डाव्या हाताचा तिळगूळ

माझा माणसांवर चटकन विश्वास बसत नाही आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. रिक्षावाला "सुट्टे नाहीत" म्हणाला की माझी नजर आधी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे जाते. भाजीवालीने वरून कोथिंबिरीची काडी फुकट टाकली की घरी येऊन मी पिशवीतले खालचे टोमॅटो तपासते. माझे वडील नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात होते. रोज सुट्टी झाली की झडती देऊन घरी यायचे. तो तिथला नियमच होता, त्यात कुणाला अपमान वाटत नसे. गंमत अशी की उभं आयुष्य झडती दिलेल्या त्या माणसाचा सरकारवर, बँकेवर, अगदी हवामान खात्यावरसुद्धा पूर्ण विश्वास आहे. घरातला संशय सगळा माझ्या वाट्याला आला.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. नोकरी म्हणून नाही. एकेक पुस्तक मिळेल तसं, घरच्या टेबलावर. नाशिकमधल्या एका लहान प्रकाशकांनी मला पहिलं काम दिलं. पुढे बाहेरगावची कामंही आली, पण माझं माहेर तेच राहिलं. पुस्तकात माझं नाव आतल्या पानावर, किमतीच्या जरा वर, इतक्या बारीक टायपात असतं की ते फक्त मला आणि माझ्या वडिलांना सापडतं. वडील भिंग लावून बघतात आणि "छान ठळक आलंय" म्हणतात.

मी डावखुरी आहे. आईने लहानपणी घास, हळदीकुंकू, देवाला वाहायचं फूल असं सगळं फटके देऊन देऊन उजव्या हातात आणलं. पेन्सिल तेवढी तिच्या तावडीतून सुटली. त्यामुळे मी जेवते उजव्या हाताने आणि काढते डाव्या हाताने.

चित्रातले हात मी आरशात बघून काढते. बरेच चित्रकार असं करतात. टेबलावर आरसा उभा करायचा, मोकळ्या हाताने कप धरायचा, बोट दाखवायचं, लाडू द्यायचा, आणि आरशात दिसेल तसं कागदावर उतरवायचं. उजव्या हाताने काढणाऱ्याचा मोकळा हात डावा असतो. आरशात तो समोरच्या माणसाचा उजवा होतो, म्हणजे चित्रात सगळं ठीक येतं. माझं उलटं आहे. माझा मोकळा हात उजवा, आणि आरशातल्या बाईचा तो होतो डावा. त्यामुळे माझ्या चित्रातली माणसं डाव्या हाताने पाणी पितात, डाव्या हाताने देवळातली घंटा वाजवतात आणि डाव्या हाताने प्रसादही देतात. बाकी त्यांच्यात काही उलटं नसतं. साडीचा पदर मी आरशात बघून काढत नाही, तो मला पाठ आहे, म्हणून तो नेहमीसारखा डाव्या खांद्यावरच येतो. बाई सगळी सरळ, हात तेवढा तिरपागडा.

आमचे प्रकाशक, ज्यांना मी काका म्हणते, ते हा हात बरोबर पकडायचे. कच्ची चित्रं टेबलावर पसरली की लाल पेन्सिल घेऊन आधी हात शोधायचे, त्याला गोल करायचे आणि बाजूला लिहायचे, "हात!" मग म्हणायचे, "अहो बाई, पाणी वाट्टेल त्या हाताने पिऊ द्या. देवाधर्माचं तेवढं उजव्या हाताने करत चला." मी घरी आणून तो हात बदलायचे. पुढेपुढे मला आधीच दिसायचं की हात चुकलाय, तरी मी तसाच ठेवून न्यायचे. त्यांना गोल करायला काहीतरी हवं असायचं. तो गोल झाला की बाकीच्या चित्रांवर ते बोलत नसत. असा आमचा न बोलता ठरलेला रिवाज होता.

एकदाच तो हात त्यांच्या हातून निसटला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पुस्तक घाईत छापलं गेलं, आणि त्यात एक बाई आपल्या मुलाला डाव्या हाताने खडीसाखरेचा प्रसाद देत होती. येवल्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला. "मॅडम, आम्ही पोरांना सारखं सांगतो, प्रसाद उजव्या हातानं घ्यावा, उजव्या हातानं द्यावा. अन् तुमच्या पुस्तकात हे काय?" मी माफी मागितली. काकांनी पुढे दोन-तीन पुस्तकांत माझ्या चित्रांतले पायसुद्धा तपासले. ते पुस्तक नंतर संपलं, पुन्हा काही निघालं नाही. काही वर्षांनी एका मंडळाने ते मुलांना फुकट वाचता यावं म्हणून इंटरनेटवर ठेवायची परवानगी मागितली, तेव्हा काका आणि मी दोघांनीही ती आनंदाने दिली. तेवढंच पुण्य, म्हटलं. माझ्या आयुष्यात मी संशय न घेता केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

अलीकडच्या एका गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. गंगापूर रोडवर एका मिठाईच्या दुकानाबाहेर फ्लेक्स लागला होता, 'उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे मिळतील.' त्यावर एक बाई होती. गोल नाक, जरा मोठे कान, डोळ्यांच्या जागी नुसते दोन ठिपके. असे डोळे मी काढते. मी भर रस्त्यात थांबले आणि मागून येणारा स्कूटरवाला माझ्यावर खेकसला. बाईचा पदर डाव्या खांद्यावर होता. आणि मोदक तिने पुढे केला होता डाव्या हाताने.

मी दुकानदाराकडून फ्लेक्स छापणाऱ्याचा पत्ता काढला आणि तशीच तिकडे गेले. छापणारा बापडा चांगला माणूस होता, त्याने मला खुर्ची दिली.

"हे चित्र कोणाचं आहे?" मी विचारलं.

"कोणाचंच नाय मॅडम. मशिननं काढेल आहे हे, एआयनं."

"मशिनला शिकवलं कोणी?"

"आता ते आपल्याला काय माहीत? आपण फक्त लिहायचं. मराठी बाई, मोदक देतेय, लहान पोरांच्या पुस्तकात असती तशी. चार चित्रं येतात, त्यातलं एक उचलायचं."

"हे माझं चित्र आहे."

त्याने एकदा फ्लेक्सच्या फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुम्ही मोदक काढला होता का?"

"नाही. खडीसाखर."

"मंग?"

मी त्याला फ्लेक्सवरच्या बाईचा हात दाखवला. डाव्या हाताने कोणी मोदक देतं का, म्हटलं. त्याने जीभ चावली. "अरे हां! लक्षातच नाय आलं. चित्र उलटं आलं असंल. थांबा, फिरवून टाकतो." त्याने संगणकावर चित्र उलटं केलं. हात उजवा झाला, पण पदर उजव्या खांद्यावर गेला. "ही तर गुजराथी झाली!" म्हणून तो हसला आणि पुन्हा होतं तसं करून ठेवलं. मग चहा मागवू का म्हणाला.

मी चहा घेतला नाही. चित्र नुसतं उलटं झालेलं नव्हतं, हे त्यानेच मला दाखवून दिलं होतं. सरळ बाई आणि चुकलेला हात ही जोडी माझ्या टेबलावर तयार होते, आरसा आणि माझा डावा हात यांच्यामधल्या वीतभर जागेत. पण घरी येईपर्यंत मला दुसरीच शंका खाऊ लागली. मशिनला हात जमत नाहीत हे सगळ्या जगाला माहीत आहे, कधी सहा बोटं येतात, कधी अंगठा मनगटाला फुटतो. मग हा हातही असाच चुकला असेल. माझा असेलच कशावरून? संशयी माणसाची हीच गोची असते, त्याला स्वतःच्या संशयाचाही भरवसा नसतो.

थंडीत एक दिवस वडिलांनी वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं. "बघ, तुमच्यासाठी कायदा बदलतायत." अजून मसुदाही नव्हता, नुसता प्रस्ताव होता, लोकांकडून सूचना मागवलेल्या होत्या. मला समजलं ते एवढं की जे काही रीतसर बाहेर आलेलं आहे, पुस्तकं, चित्रं, गाणी, त्यावर मशिनवाल्यांनी आपली मशिनं शिकवावीत, त्यासाठी एकेकाला विचारायची गरज नाही. ज्याचं आहे त्याला 'नाही' म्हणता येणार नाही. त्याबदल्यात कंपन्यांनी मोबदला द्यावा, तो एका ठिकाणी गोळा व्हावा आणि तिथून कलाकारांना वाटला जावा.

"वाईट काय आहे यात?" वडील म्हणाले. "सरकार मध्ये आहे. घरबसल्या मिळेल."

"बाबा, तुमच्या प्रेसमधून कोणी कागदाचा तुकडा उचलून नेला असता आणि नंतर पैसे देतो म्हणाला असता, तर चाललं असतं?"

"तो सरकारी कागद होता."

"आणि माझा?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझा तू आधीच छापून सगळ्यांना दाखवलास की," ते म्हणाले. ते मला दुखवायला बोलले नव्हते, पण मला लागलं.

माझा एक मित्र अक्षरं काढतो. पुस्तकांची कव्हरं, लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या. त्याला फोन केला तर तो खुशीत होता. "आत्ता काय मिळतंय? काहीच नाही. घ्यायचं ते घेऊन मोकळे झालेत ते. मग निदान चार आणे मिळाले तर तुझं काय जातं?" मी म्हटलं, पिठल्यात पडलेलं चिमूटभर मीठ परत काढून, हे बाईंचं, हे भाऊंचं, असं कोण वाटून देणार आहे? मोठ्या कंपन्या, मोठी नावं पुढे होतील, आणि ज्यांचं नाव किमतीच्या वरती बारीक टायपात असतं त्यांनी भिंग घेऊन बसायचं. आणि 'नाही' म्हणायची सोयच काढून घेतल्यावर हातावर पडेल त्याला मोबदला तरी का म्हणायचं? तो हसला. "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. आधी कायदा तर येऊ दे. तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं." ते खरंच आहे. तरी मी बसून माझी सूचना लिहिली आणि पाठवली. लिहिलं एवढंच की आधी विचारा, आणि कोणी नाही म्हणालं तर ते ऐका.

त्याच सुमारास माझं सणांचं पुस्तक चालू होतं. काका आता घरीच असतात, त्यांना फारसं दिसत नाही. प्रकाशनाचं सगळं त्यांची सून बघते. हुशार मुलगी आहे, कामाला चोख, मला ताई म्हणते. मी कच्ची चित्रं नेहमीसारखी नेऊन दिली. संक्रांतीच्या पानावर एक काळ्या साडीतली बाई शेजारच्या मुलीला तिळगूळ देत होती, डाव्या हाताने. दिवाळीच्या पानावर ओवाळणीचं तबक होतं, तिथेही तेच. मी हात तसेच ठेवले होते. सवयीने म्हणा, काकांच्या आठवणीने म्हणा, कोणीतरी लाल गोल करील असं मला आतून वाटत होतं.

लाल गोल झाला नाही. तिचा फोन आला, "ताई, जरा ऑफिसला येऊन जाता का?"

तिने दार लोटून घेतलं तेव्हाच मला वास आला. "ताई, राग मानू नका," ती म्हणाली, "पण मला विचारावं लागतंय. ही चित्रं तुम्ही हाताने काढलीत ना?"

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे? पायाने काढते का मी?"

"तसं नाही. मागच्या महिन्यात एकाने मला अख्खं पुस्तक मशिनवर करून दिलं आणि हाताने काढलंय म्हणून सांगितलं. मी फसले. हे बघा ना," तिने तिळगुळाचं पान पुढे केलं. "आपल्याकडे असं डाव्या हाताने कोण देतं? आणि एका पानावर असतं तर चूक म्हटलं असतं. पानोपानी हात चुकलेत. हातच चुकतात हो मशिनचे. आणि खरं सांगू? या पद्धतीची चित्रं हल्ली फार दिसतात. मिठाईवाल्यांच्या फ्लेक्सवरसुद्धा."

माझे कान तापले. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथे तर चोर जागेवरच नव्हता आणि झडती घरमालकाची चालली होती. मी तिला आरशाचं सांगितलं, मोकळ्या हाताचं सांगितलं, काकांच्या लाल पेन्सिलीचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. पण तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी चांगलं ओळखते. रिक्षावाल्याच्या खिशाकडे बघताना माझा चेहरा तसाच होत असणार.

"माझा विश्वास आहे हो तुमच्यावर," ती म्हणाली. "पण वकील म्हणतात कायदा बदलतोय, उद्या कशाला मालक आहे आणि कशाला नाही यावर भांडणं होतील, आपल्याजवळ पुरावा हवा. म्हणून आता मी सगळ्यांकडूनच घेते." तिने कराराचा कागद ठेवला. चित्रं स्वतःच्या हाताने काढली आहेत असं त्यात होतं, ते ठीक. खाली आणखी एक कलम होतं, ही चित्रं व त्यासंबंधीचं सर्व साहित्य मशिन शिकवण्यासाठी कोणालाही देण्याचा हक्क प्रकाशकाकडे राहील.

"हे कशाला?"

"ते काय, नाहीतरी कायद्याने होणारच आहे. मग आपल्यामार्फत झालं तर तुम्हालाही त्यातला वाटा मिळेल."

कायदा अजून कुठे आलेला नव्हता, आणि इथे पहिल्या मजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर, तो लागूही झाला होता. मी म्हटलं, हे कलम काढलंस तर बाकीच्यावर सही करीन. तिने जरा विचार केला आणि पेनाने ते कलम खोडलं. मला तिचं कौतुक वाटलं आणि लगेच शंका आली की इतक्या सहज का खोडलं.

"मग एक करू," ती म्हणाली. "तुम्ही इथेच एक चित्र काढून दाखवा. तिळगुळाचंच. मी मोबाइलवर शूटिंग करते, म्हणजे प्रश्नच मिटला." तिने मोबाइल स्टँडवर लावलासुद्धा.

माझा हात कसा वळतो, रेघ कुठून सुरू होते, कुठे थांबते, हे आजवर छापून बाहेर गेलेलं नव्हतं. चित्र गेलं होतं, चित्र काढणं माझ्याजवळ होतं. "शूटिंग नको," मी म्हटलं. "ते कुठे जाईल ते तुलाही सांगता येणार नाही. तू स्वतः बस आणि बघ."

ती मोबाइल बंद करून समोर बसली. हे पुस्तक गेलं असतं तर मला दुसरं मिळालं असतं, पण या ऑफिसातून 'मशिनवर करून देते' एवढा शब्द बाहेर पडला असता तर नाशिकमध्येच काय, कुठेही मला कोणी दारात उभं केलं नसतं. तिलाही ते ठाऊक होतं. मी काढायला घेतलं. कपाळ, कान, दोन ठिपके. पदर डाव्या खांद्यावर. आरसा नव्हता, पण इतक्या वर्षांनी आरसा लागतो कुठे? पेन्सिल आपोआप त्या बाईच्या डाव्या हाताकडे वळली. खांद्यापासून कोपरापर्यंत रेघ आली होती. मी वर पाहिलं तर ती त्या रेघेकडे बघत होती. घाबरून बघत होती. तिला मनापासून वाटत होतं की मी चुकू नये.

मी खोडरबर उचललं. तो हात खोडला आणि तिळगूळ उजव्या हातात दिला.

तिने सुस्कारा सोडला. "बघा ना ताई," ती आनंदाने म्हणाली, "आता कसं माणसाने काढल्यासारखं वाटतंय!"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी पेन्सिलीला टोक करत बसले. उद्या कोणी मला विचारलं असतं, बाई, जगातल्या इतक्या चित्रांत तुमचं कुठलं, तर दाखवायला माझ्याकडे तो एक हात होता. तो कुठल्या मशिनने नेला नाही, कुठल्या कायद्याने नेला नाही. माझं नाव राहावं म्हणून मीच तो खोडला, आणि नाव खरंच राहिलं.

"बाकीच्या पानांवरचेही असेच करून द्याल ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. आठवड्याभरात सगळे हात उजवे करून दिले, आणि पुस्तक छापायला गेलं.